फानूस, तसबीर आणि आईचा बिल्ला

१२ मे, म्हणजे परिचारिका दिन जवळ आला की फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या तसबिरी आणि त्यांच्या नावाशी जोडलेल्या जुन्या वस्तू यांविषयीची पत्रं वाढतात. खानदेशातून आलेली सहा पत्रं यंदा इथे घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या नर्सिंग कॉलेजात नाइटिंगेल बाईंची मोठी तसबीर लावायची आहे आणि एक छोटी नाटिकाही बसवतो आहोत. इंटरनेटवर बाईंचे पन्नास वेगवेगळे चेहरे दिसतात. खरा कोणता धरावा? आणि हातात दिवा कसा द्यावा? – एक विद्यार्थिनी, धुळे

उत्तर : बाईंना स्वतःचं चित्र किंवा फोटो काढून घ्यायला मनापासून नको असायचं, म्हणून भरवशाचे चेहरे मोजकेच आहेत. १८५८ च्या सुमाराचे, डर्बीचा गुडमन आणि लंडनचा हेन्री हेरिंग यांनी काढलेले फोटो घ्या. मधोमध भांग, डोक्यावर पांढरी टोपी, अंगात गडद रंगाचा गळाबंद झगा, चेहरा लांबट आणि कृश. जॉन स्टील यांनी १८६२ साली घडवलेला संगमरवरी अर्धपुतळाही चांगला आधार आहे. क्रिमियाच्या युद्धात तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या इस्पितळात जखमींना उतरवून घेणाऱ्या बाईंचं जेरी बॅरेटचं १८५७ चं मोठं चित्र प्रसिद्ध आहे, पण बाईंनी त्याच्यासमोर बसायला नकार दिला होता. तेव्हा त्या चित्रावरून प्रसंग घ्यावा, चेहरा घेऊ नये.

चूक चित्र ओळखायच्या दोन सोप्या खुणा आहेत. दंडावर किंवा टोपीवर लाल क्रॉस असेल तर ते चित्र बाजूला ठेवा. बाई स्कुटारीला पोहोचल्या ४ नोव्हेंबर १८५४ रोजी आणि लाल क्रॉसचं चिन्ह ठरलं १८६४ साली. (भारतात हे चिन्ह विनापरवाना वापरायला १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याने बंदी आहे, तेव्हा नाटिकेच्या पोशाखावरही ते नको.) दुसरी खूण म्हणजे पांढराशुभ्र गणवेश. स्कुटारीच्या परिचारिकांचा झगा करड्या लोकरी कापडाचा असे आणि खांद्यावरच्या पट्ट्यावर ‘स्कुटारी हॉस्पिटल’ असं भरलेलं असे. शिवाय मे १८५५ मध्ये बाईंना मोठा ताप आला आणि त्यांचे केस कापावे लागले. त्यानंतरच्या प्रसंगात टोपीखालून लांब वेणी दाखवू नका.

आता दिवा. बहुतेक छापील चित्रांत बाईंच्या हातात समईच्या तोंडासारखा, अल्लाउद्दीनच्या गोष्टीतला दिवा असतो. तो चित्रकारांनी दिलेला आहे. स्कुटारीत वापरात होता तो तुर्की फानूस, आणि शब्द आपलाच आहे. खाली आणि वर तबकडी, मध्ये चुण्यांचा कापडी किंवा कागदी नळा, आत मेणबत्ती. काम झालं की आकाशकंदिलासारखा दाबून चपटा करायचा. लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळाच्या आवारातल्या नाइटिंगेल संग्रहालयात असा फानूस ठेवलेला आहे.

नाटिकेसाठी तो एका दुपारी होतो. १८ सेंटिमीटर व्यासाच्या प्लायच्या दोन चकत्या घ्या. खालची ६ मिलिमीटर जाड, वरची ४ मिलिमीटर. वरच्या चकतीला मधोमध ८ सेंटिमीटरचं भोक आणि तारेची कडी. पांढरी मलमल ५९ सेंटिमीटर रुंद आणि ३४ सेंटिमीटर उंच कापा आणि रुंदीत २ सेंटिमीटर एकावर एक घेऊन नळी शिवा. १८ गेजच्या तारेच्या ९ रिंगा करा. दर रिंगेला ५९ सेंटिमीटर तार, म्हणून ६ मीटर आणलेली पुरते. नळीच्या वर-खाली २-२ सेंटिमीटर सोडून दर ३ सेंटिमीटरवर एक रिंग आतून टाका. राहिलेलं कापड चकत्यांच्या कडांवर दुमडून छोट्या खिळ्यांनी ठोका. रिंगांमधलं अंतर आधी पेन्सिलीने आखून घ्या, नजरेने घातल्या की फानूस एका अंगाला कलतो आणि मिटतही नाही. तारेची टोकं दोऱ्याने गच्च गुंडाळा, नाहीतर दुसऱ्या तालमीतच मलमल फाटते. मेणबत्ती लावू नका. सेलवर चालणारा पिवळसर उजेडाचा दिवा खालच्या चकतीला चिकटवा, त्याच्या वजनाने फानूस ताठ उघडा राहतो. पांढरा एलईडी मात्र मलमलीतून निळसर, मेल्यासारखा दिसतो.

तसबीर छापताना १२ बाय १८ इंचासाठी निदान ३६०० बाय ५४०० पिक्सेलची फाइल लागते. मोबाइलवर आलेलं चित्र ताणलं की डोळे आणि तोंड सपाट होतात आणि मग कोणतीही बाई नाइटिंगेल दिसू लागते. आणखी एक गोष्ट. तसबिरीखाली नर्सिंगची शपथ लिहिणार असाल तर ती बाईंची वाक्यं म्हणून लिहू नका. ती १८९३ साली अमेरिकेत डेट्रॉइटला लिस्ट्रा ग्रेटर यांनी तयार केली. बाईंचं फक्त नाव तिला दिलेलं आहे.

प्रश्न : माझी आजी १९५० च्या सुमारास भुसावळला परिचारिका होती. तिच्याकडे दिवा घेतलेल्या बाईंची रंगीत तसबीर होती, घरात सगळे तिला ‘दिवावाली माय’ म्हणत. आता चित्रावर तांबूस ठिपके पडलेत आणि एका कोपऱ्यात कागद काचेला चिकटलाय. फ्रेमवाला म्हणतो, मागचं सगळं फेकून नवी काच टाकून देतो. द्यावी का? – एक वाचक भगिनी, चाळीसगाव

उत्तर : ताई, अजून देऊ नका. आधी तसबिरीची मागची बाजू वाचा. आजीचं नाव, भेट देणाऱ्याची सही, फ्रेम करणाऱ्या दुकानाची चिठ्ठी, आत घातलेलं वर्तमानपत्र, सगळं मागेच असतं. ‘पूर्व खानदेश’ असा पत्ता दिसला तर ती चिठ्ठी १९०६ नंतरची आणि १९६० च्या आसपासची किंवा त्याआधीची, कारण खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ मध्ये झाले आणि महाराष्ट्र झाल्यावर ती नावं गेली. पाठीची फळीसुद्धा न बघता टाकू नये. क्रिमियात सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या मेरी सीकोल यांचं अल्बर्ट चॅलनने १८६९ साली रंगवलेलं तैलचित्र इंग्लंडात एका सामान्य छापील चित्राच्या मागे आधाराची फळी म्हणून लावलेलं होतं. आज ते लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे.

फ्रेम उघडायची तर कार्तिक ते माघ या दिवसांत. श्रावणात कागद ओल धरून मऊ पडलेला असतो आणि वैशाखात इतका कोरडा की कोपरा बोटाने मोडतो. टेबलावर धुतलेली सुती चादर घाला, पुढून-मागून फोटो काढा आणि फ्रेम काच खाली करून ठेवा. मागच्या कागदी पट्ट्या ओल्या करून सोलू नका, ब्लेडने चौकटीलगत कापा. खिळे पक्कडीने ज्या रेषेत ठोकलेत त्याच रेषेत मागे ओढा, हातोडीच्या मागच्या बाजूने उचकले तर काचेला तडा जातो. फळी आणि पुठ्ठा एकेक करून उचला, क्रमाने ठेवा, वर्तमानपत्राची तारीख टिपून घ्या.

काचेला चिकटलेला कोपरा तसाच राहू द्या. वाफ, पाणी, पातं, केस वाळवायचं यंत्र यांतलं काहीही नको. काचेला भिडलेल्या चित्रावरचं वार्निश किंवा लुकण ओलीत विरघळून काचेशी एकजीव झालेलं असतं, ओढलं की रंगाचा थर काचेवर राहतो आणि हातात पांढरा कागद येतो. अशा वेळी जुनी काच चित्रासकट ठेवायची आणि फक्त मागची बाजू नवी करायची. सावलीत, मोबाइलच्या मागे काळं कापड धरून काचेतूनच चांगला फोटो काढून घ्या, घरातल्यांना वाटायच्या प्रती त्यावरून निघतील.

तांबूस ठिपके म्हणजे बुरशी आणि कागदातले लोहाचे कण यांवर ओलाव्याने झालेला परिणाम. ते कागदाच्या आत असतात. पावाचा गर, लिंबू, ब्लीच यांनी ठिपका फिकटतो खरा, पण कागद तिथेच पिठासारखा होतो. मऊ केसांच्या ब्रशने मधून कडेकडे हलकेच धूळ झटका, तेवढं पुरे. ठिपके राहिले तरी चित्राचं काही बिघडत नाही, ते वाढू नयेत एवढंच बघायचं.

कोपरा चिकटलेला नसता तर चित्र आणि काच यांत आम्लविरहित पुठ्ठ्याचा ३ मिलिमीटरचा माउंट घालायला सांगितलं असतं. तुमच्या तसबिरीत तो पुठ्ठा फक्त पाठीमागे येईल. त्याच्या मागे प्लाय नको, आम्लविरहित पुठ्ठाच हवा. प्लायमधून निघणारी आम्लं कागद तपकिरी करतात, म्हणूनच जुन्या फळीच्या रेषा चित्राच्या पाठीवर उमटलेल्या दिसतात. सुट्या चित्राला वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी २ बाय ३ सेंटिमीटरच्या, एवढाच आधार द्यायचा. सेलोटेप आणि फेविकॉल दोन्ही नको. एक पिवळं डाग सोडतं, दुसरं पुन्हा सुटत नाही.

चिकटवायला गव्हाच्या चिकाची खळ सगळ्यांत चांगली आणि ती खानदेशात घरोघरी होते. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून जो चीक काढता तोच, मीठ आणि हिंग घालायच्या आधी बाजूला काढा. त्यावर ताजं पाणी घालून निवळू द्या, पाणी ओतून टाका, असं तीन-चार वेळा करा म्हणजे आंबूस वास जातो. मग चीक उन्हात वाळवा. एक चमचा कोरडा चीक पाच चमचे पाण्यात अर्धा तास भिजवून मंद आचेवर सतत ढवळत अर्धपारदर्शक होईपर्यंत शिजवा आणि गार झाल्यावर मलमलीतून गाळा. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते. मैद्याची खळ करू नका, मैद्यातलं चिकट प्रथिन कसरीला आवडतं. किडीसाठी खळीत मोरचूद घालायची बुकबाइंडरांची जुनी पद्धतही इथे नको. तांब्याच्या क्षारामुळे काही वर्षांत कागद तिथेच तपकिरी होऊन तडकतो.

परत टांगताना फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून ६ मिलिमीटरचे बुचाचे तुकडे लावा, म्हणजे भिंत आणि पाठ यांत हवा खेळते. पश्चिमेची भिंत जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात संध्याकाळपर्यंत तव्यासारखी तापते, ती टाळा. कूलरच्या झोतासमोरची भिंतही टाळा. कोरड्या उन्हाळ्यात दिवसातून दोन वेळा दमट वारा बसला की कागद फुगतो, आक्रसतो आणि त्याला लाटा येतात. डांबरगोळी फ्रेमच्या आत घालू नका.

प्रश्न : एका ऑनलाइन विक्रेत्याने ‘नाइटिंगेल यांचा सहीचा मूळ फोटो’ पंधरा हजारांना देऊ केला आहे. खरा कसा ओळखावा? – एक संग्राहक, अमळनेर

उत्तर : १८५० आणि ६० च्या दशकात बाईंचे छोटे फोटो कार्डावर चिकटवून पुष्कळ विकले गेले. कार्ड साधारण ६.३ बाय १० सेंटिमीटरचं आणि वर अंड्याच्या पांढऱ्यावर छापलेला अगदी पातळ कागद. दहापट भिंगाखाली बघा. ठिपके दिसले, विशेषतः नियमित ओळीतले, तर ती छपाई आहे, फोटो नव्हे. खऱ्या जुन्या प्रतीत ठिपके नसतात, चित्राखालून कागदाचे धागे दिसतात, बारीक भेगा असतात, उजळ जागा पिवळटलेल्या आणि काळ्या जागा तपकिरी-जांभळ्या असतात. मग अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चने कार्ड तपासा. निळसर पांढरं झळकलं तर कागदात उजळपणाचं रसायन आहे आणि तो साधारण १९५० नंतरचा. टॉर्च काही शे रुपयांत मिळते, ती घेऊनच सौदा करायला बसा. विक्रेता कार्ड हातात देत नसेल, नुसते फोटो पाठवत असेल, तर पैसे पाठवू नका.

सही वेगळी तपासायची. टाकाच्या निबाने लिहिलेल्या सहीत खाली येणारी रेघ जाड, वर जाणारी बारीक, आणि जोर पडला तिथे रेघेच्या दोन्ही कडा गडद दिसतात. जुनी शाई तपकिरी होते आणि पाठीपर्यंत उतरते. सगळीकडे सारख्याच गडद, सपाट, वर बसलेल्या काळ्या रेघा म्हणजे सही फोटोबरोबरच छापलेली आहे. बाईंची पत्रंसुद्धा हस्ताक्षरात लिथोवर, म्हणजे शिळाप्रेसवर, छापून वाटली जात, तीही याच कसोटीने वेगळी होतात. त्यांची हजारो खरी पत्रं आजही उपलब्ध आहेत, म्हणून खोट्या सहीला तुलनेसाठी नमुना शोधणं अवघड नाही. किंमत पटवायला विक्रेते एक लिलाव नेहमी सांगतात. बाईंच्या शेवटच्या वर्षी, १९१० मध्ये, लिझी कॅसवॉल स्मिथ यांनी घरी काढलेला फोटो २००८ साली ५,५०० पौंडांना गेला. ते खरं आहे. पण तो फोटो दुर्मीळ होता, हजारोंनी छापलेल्या कार्डाला त्याचा भाव लागू होत नाही.

प्रश्न : आईचा नर्सिंगचा बिल्ला, पट्ट्याचं बक्कल, टोपी आणि पांढरी साडी ट्रंकेत आहे. बिल्ला काळा पडलाय. चिंचेने घासू का? – एक वाचक, नंदुरबार

उत्तर : चिंच, लिंबू, राख, पावडर यांतलं काहीच नको. अशा बिल्ल्यांवर बहुतेकदा पातळ मुलामा असतो आणि मधल्या रंगीत भागावर मीना. आम्लाने मुलामा उतरतो आणि मीन्याच्या कडेने पाणी आत शिरून तो टवका टवका निघतो. डिस्टिल्ड पाण्यात टोक बुडवून पिळलेल्या कापसाने पुसा, लगेच मऊ कापडाने कोरडा करा आणि पंख्याखाली तासभर ठेवा. काळेपणा राहिला तर राहू द्या. मागे नाव, क्रमांक किंवा जहाजाच्या नांगराचा छाप आहे का बघा. चांदीच्या ब्रिटिश बिल्ल्यावरचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅमची तपासणी. ‘बॉम्बे’ असा राज्याचा उल्लेख असेल तर बिल्ला बहुधा १ मे १९६० पूर्वीचा. पुढे काही वर्षं जुने साचे चालले असू शकतात, तेव्हा प्रमाणपत्राशी ताडून बघा.

कपड्यांचा खरा शत्रू त्यांतली खळ आहे. कडक इस्त्रीची टोपी तशीच ठेवली की कसर खळीसाठी कापड कुरतडते आणि घडीवर धागे तुटतात. टोपी आणि साडी साध्या पाण्यात दोन-तीनदा भिजवून खळ पूर्ण काढा, नीळ घालू नका, सावलीत वाळवा. आधी धुऊन खळ काढलेल्या मांजरपाटात गुंडाळा. साडीची घडी न करता नळीवर गुंडाळली तर चिरत नाही. टोपीच्या आत चुरगाळलेला आम्लविरहित कागद भरा म्हणजे आकार राहतो. पिना, बक्कल, बिल्ला कपड्यातून काढून वेगळ्या डबीत ठेवा, गंजाचा डाग सुती कापडाला कायमचं भोक पाडतो. डबीला रबरबँड लावू नका, रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. प्लास्टिकच्या पिशवीत डांबरगोळी टाकून ठेवलेले कपडे आधी बाहेर काढा, काही प्लास्टिक त्या वाफेने चिकट होतं.

प्रश्न : काकांच्या पुस्तकात नाइटिंगेल यांचं चित्र असलेली दहा पौंडांची नोट सापडली. बँकेत बदलून मिळेल का? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : इथल्या बँकेत किंवा परकी चलनाच्या दुकानात ती घेत नाहीत. ही तपकिरी नोट २० फेब्रुवारी १९७५ रोजी आली आणि २० मे १९९४ ला चलनातून गेली. बँक ऑफ इंग्लंड जुन्या नोटांचे दर्शनी पैसे मात्र केव्हाही देते, लंडनच्या थ्रेडनीडल स्ट्रीटवर किंवा टपालाने. संग्राहकाला विकायची असेल तर सही बघा. पेज, सॉमरसेट, गिल, केंटफील्ड या क्रमाने चार मुख्य रोखपाल होऊन गेले, पेज यांची सही सर्वांत जुनी. किंमत सहीपेक्षा घड्यांवर ठरते, म्हणून इस्त्री करू नका, धुऊ नका, पुस्तकातून काढून सपाट पारदर्शक पाकिटात ठेवा. घरात २०१० चं दोन पौंडांचं नाणंही सापडलं तर त्यावर बाईंचा चेहरा शोधू नका. नाडी बघणारा हात आहे, आणि कडेवर ‘परिचर्येची १५० वर्षं’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर.

प्रश्न : आमच्या गावच्या जुन्या दवाखान्यात एक खुर्ची आहे. नाइटिंगेल बाई खानदेशात आल्या तेव्हा तिच्यावर बसल्या होत्या असं सांगतात. खरं आहे का? – एक शिक्षक, चोपडा तालुका

उत्तर : नाही गुरुजी. बाई भारतात कधीच आल्या नाहीत. १८५६ मध्ये क्रिमियाहून परतल्यावर आजारपणामुळे बराच काळ त्या खोलीतच असत. पण तिथूनच त्यांनी भारतातल्या छावण्यांच्या आरोग्यावर नेमलेल्या शाही आयोगासाठी आकडे जमवले, त्याचा अहवाल १८६३ ला आला. पुढे गावांच्या पाण्याच्या आणि सफाईच्या प्रश्नावर पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या १८९२ च्या चरित्राला प्रस्तावनाही त्यांचीच आहे.

खुर्ची मात्र उलटी करून बघा. सरकारी लाकूडसामानावर बैठकीच्या खाली खात्याची अक्षरं, वर्ष किंवा क्रमांक रंगाने वा तापल्या सळईने उमटवलेले असतात. ओला फडका न लावता कोरड्या ब्रशने धूळ काढा, टॉर्च आडवी धरून फोटो घ्या. क्रमांक मिळाला तर दवाखान्याच्या जुन्या सामानवहीत तो शोधा. वह्या वाळवीच्या तावडीत असतील तर आधी त्यांची पानं मोबाइलवर उतरवून घ्या आणि मूळ वह्यांसाठी धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जाऊन विचारा.